अर्ध्या गोळीचा वाद

डॉक्टर,

आज सकाळी पेपर उघडला आणि सवयीनं हात फोनकडं गेला. आतल्या पानावर कुणीतरी लांबलचक लिहिलंय. सरकारनं सगळ्यांना औषधपाणी का म्हणून पुरवायचं, माणसानं आपल्या तब्येतीची जबाबदारी आपण घ्यायला नको का, वगैरे वगैरे. अगदी तुमचीच भाषा. म्हटलं, फोन लावावा आणि विचारावं, "काय हो, दुसऱ्याच्या नावानं लिहायला लागलात का?" नंबर लावायच्या आधीच आठवलं. पिशोरच्या मळ्यात तुम्हाला निरोप देऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. पेपरची घडी केली आणि चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. बोलेन की. पण आधी भांडण तर पुरं करू द्या. तुमची ती जुनीच खोड. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की तुम्ही दाराकडं बघून म्हणायचा, "सिस्टर, पुढचा पेशंट पाठवा." ह्या खेपेला तर तुम्ही कमालच केलीत.

पडेगावच्या रस्त्याला तो आपला बैठा सरकारी दवाखाना. पुढं कडुलिंब, मागं बाभळीचं रान, समोरून दौलताबादकडं जाणाऱ्या एसट्या. तुम्ही डॉक्टर, मी नर्स. तुम्ही पिशोरच्या मोठ्या शेतीवाडीतले, मी शहरातल्या वस्तीतली. पहिल्याच दिवशी तुम्ही मला बजावलंत, "सिस्टर, इथं माझा एकच नियम. ज्याचा आजार त्यानं यावं. वेळेवर यावं, सांगितलेलं औषध घ्यावं. मी कुणाच्या मागं पळणार नाही." मी नवीनच होते, गप्प बसायला पाहिजे होतं. पण आमच्या घराण्यात गप्प बसायची रीतच नाही. मी म्हटलं, "आणि ज्याला येताच येत नाही, त्याचं काय करायचं?" तुम्ही चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलंत. त्या दिवशी जे सुरू झालं, ते तुमचे केस पांढरे झाले आणि माझे गुडघे गेले तरी संपलं नाही.

तेव्हा शहर नुसतं सुसाट वाढत होतं. चिकलठाण्याच्या बाजूला कंपन्यांचे भोंगे वाजायचे, मग वाळूजकडचं माळरान सपाट होऊन तिथंही शेड उभ्या राहायला लागल्या. खेड्यापाड्यातली पोरं पत्र्याची पेटी घेऊन यायची आणि खाकी कपडे घालून कामाला लागायची. तुमचा ह्या कंपनीवाल्यांवर भारी जीव. ते ठरल्या वेळेला यायचे, औषधाची बाटली धुऊन आणायचे, "साहेब, दोनदा घ्यायचं का तीनदा" असं विचारून घ्यायचे. तुम्ही मला ऐकवायचा, "बघा, ह्याला म्हणतात जबाबदारी. तुमच्या मिस्टरांकडंच बघा ना." अहो, आमच्या ह्यांच्या खिशात कंपनीचं कार्ड होतं! आजारी पडले तर अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळायची, मोठ्या दवाखान्यात नंबर लागायचा. मी म्हणायचे, "त्यांना सुट्टी मिळते म्हणून ते वेळेवर येतात. मेंढरांना सुट्टी देता येते का?" मेंढरांचं मी तेव्हा उगाच तोंडाला आलं म्हणून बोलले होते. पण देवानं ऐकलं असावं, कारण त्याच दिवाळीनंतर भिवसन आला.

भिवसन तुमच्याच पिशोरचा मेंढपाळ. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं सगळं घेऊन खाली उतरतात. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवतात, थोडे दिवस इथं, थोडे दिवस तिथं, असं करत पार उन्हाळा काढतात. त्या वर्षी त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा तळ, पडेगावच्या मागच्या रानात उतरला होता. भिवसन खोकत आला. तुम्ही छातीला नळी लावलीत, बेडका तपासला आणि क्षय निघाला. गावचा माणूस म्हणून तुम्ही त्याला किती समजावलंत! गोळ्या फुकट मिळतात, फक्त रोज घ्यायच्या, एक दिवसही चुकवायचं नाही, इंजेक्शनला यायचं. तो मान हलवत होता. "व्हय साहेब. घेतो साहेब."

आणि तो येत होता हो. नेमानं यायचा. दर खेपेला गोळ्या धोतराच्या सोग्यात बांधून न्यायचा. पण माणूस काही सुधरेना. वजन वाढेना, खोकला थांबेना. तुमचा पारा चढायला लागला. "दारू पितोस?" "नाय साहेब." "गोळ्या फेकून देतोस?" "बिरोबाची आण, एक गोळी मातीत गेली नाय." तो गेल्यावर तुम्ही टेबलावर पेन आपटलंत आणि म्हणालात, "खोटं बोलतोय. आपण जीव तोडून सांगायचं आणि ह्यांनी असं करायचं. सिस्टर, असल्यांना सरकारनं सोन्याचा दवाखाना बांधून दिला तरी काही उपयोग नाही."

मग मी लेकरांना लस टोचायला त्या वाड्यावर गेले. दिवस कलला होता. भिवसनची बायको सोजर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती आणि मधूनच तोंडाला पदर लावून खोकत होती. तिनं मला जेवायला बसवलंच. नवरा-बायको एकाच ताटात जेवले. जेवण झाल्यावर भिवसननं सोगा सोडला, एक गोळी काढली, दगडावर ठेवून तिचे दोन तुकडे केले. एक स्वतः घेतला आणि दुसरा तिच्या हातावर ठेवला. दोघं एकाच तांब्यानं वरून पाणी प्यायली.

मी म्हटलं, "अगं बाई, हे काय करताय?"

"वाटून खातो की," तो म्हणाला. त्याला माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. "आमच्यात येकट्यानं खायाची रीत नाय बाई. तिलाबी खोकला हाय. तिच्यासमोर म्या येकट्यानं घ्यायची, ती घशाखाली उतरंल का?"

"मग हिला दवाखान्यात का नाही आणलं?"

सोजर हसली. "म्या आले तं मेंढरं कुणाच्या जीवावर टाकू? लांडगं टपून बसल्यात. दोघांपैकी येकानंच यायाचं, मग ह्यांनीच यावं म्हणलं. ह्यांचा खोकला लई आवाजाचा हाय."

डॉक्टर, मला तिथं हसावं का रडावं कळेना. अर्धी गोळी म्हणजे धड औषध नाही आणि धड उपास नाही. रोग मरत नाही, उलट निबर होतो. हे मला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं. त्या दोघांना मात्र एवढंच माहीत होतं की घरात आलेली गोष्ट वाटून घ्यायची असते.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही असे भडकलात की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. "अडाणीपणा! निव्वळ अडाणीपणा! मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, रोज एक अख्खी गोळी. आता दोघंही मरतील, आणि जबाबदार कोण?" मीही मग आवाज चढवला. म्हटलं, "त्यानं फेकली का? विकली का? बायकोला दिली. तिला ह्या दारातून औषध मिळणार नव्हतं म्हणून त्यानं आपल्यातलं दिलं. ह्याहून जबाबदार माणूस दाखवा मला!" तुम्ही म्हणालात, "तिनं यायचं होतं." मी म्हटलं, "ती येऊ शकत नाही. तुमच्या दवाखान्याला पाय आहेत का?" तुम्ही नेहमीप्रमाणं म्हणालात, "पुढचा पेशंट पाठवा."

पण दुपारी पेशंट संपल्यावर तुम्ही बॅग उचललीत, बाहेर जाऊन स्कूटरला किक मारलीत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "बसा. रस्ता मला माहीत नाही."

तो दिवस आठवला की अजून पोट धरून हसायला येतं. वाड्याजवळ स्कूटर थांबली आणि ती मेंढपाळांची कुत्री, वासराएवढी एकेक, भुंकत अंगावर आली. आमचे डॉक्टर, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात नळी, सरळ स्कूटरच्या सीटवर उभे! "सिस्टर, ह्यांना आवरा, सिस्टर!" मी काय आवरणार, मीच तुमच्या मागं लपलेली. शेवटी सोजर पदर खोचून धावत आली, एक हाळी दिली आणि सगळी कुत्री शेपटी घालून बसली. ती हसत हसत तुम्हाला म्हणाली, "उतरा की डाक्टरसायेब. त्यांनी आजून कुनाला खाल्लं नाय." मग खोकल्याची अशी उबळ आली तिला, की खालीच बसली. तुमचं तोंड एकदम बदललं. तुम्ही उडी मारून उतरलात.

तिथंच, घोड्याच्या खोगिराला टेकवून बसवून तुम्ही तिला तपासलंत. बेडक्याची बाटली भरून घेतलीत. तिचंही तेच निघालं. तिचे वेगळे कागद केलेत, वेगळ्या गोळ्या काढल्यात आणि पुन्हा स्कूटर घेऊन तुम्हीच नेऊन दिल्यात. भिवसन म्हणाला, "कशाला साहेब एवढं? आमचं अर्ध्यात भागत हुतं." तेव्हा तुम्ही जे ओरडलात ना, ते त्या रानातल्या प्रत्येक मेंढरानं ऐकलं असेल. "अर्ध्यानं कुणाचंच भागत नाही, भिवसन! अर्ध्यानं दोघंही जाल! हिचं वेगळं, तुझं वेगळं. दोघांचं अख्खं!"

वाडा पुढं हलायची वेळ आली, तेव्हा मला वाटलं आता सगळं पाण्यात. पण मेंढपाळ कुठंही असला तरी पीठमिठासाठी कुणीतरी आठवडी बाजाराला येतंच. तुम्ही भिवसनला विचारून घेतलंत, कुठल्या रानातून कुठल्या रानात जाणार, बाजार कुठल्या गावी करणार. आणि रविवारचे रविवार स्कूटर दामटत त्या त्या गावच्या दवाखान्यात जाऊन सांगून आलात, की अमुक बाजाराला पिशोरचा मेंढपाळ येईल, त्याच्याकडं दोघांच्या गोळ्या द्या, आणि एका बाजाराला तो, एका बाजाराला ती, दोघांनाही डोळ्यांनी बघा. पुढल्या दिवाळीनंतर ती दोघं परत आली, तेव्हा सोजरच्या गालावर मांस चढलं होतं. तिनं तुम्हाला घोंगडी आणली होती. तुम्ही ती स्कूटरच्या सीटवर घातलीत आणि झिजून जाळी होईपर्यंत काढली नाही.

मी म्हटलं, "हरलात ना डॉक्टर?"

"मी हरलो नाही," तुम्ही म्हणालात. "मी फक्त स्कूटर काढली."

तुमचं म्हणणं अगदीच फोल होतं असं मी कधी म्हटलं नाही. म्हणजे तुमच्या तोंडावर म्हटलं, पण मनात नाही. तुम्ही म्हणायचा, "सिस्टर, तुम्ही सगळ्यांना लेकरू करून ठेवता. गोळी दारात नेली तरी गिळायची कुणी? एक दिवस माझी स्कूटर बंद पडेल, तेव्हा?" आणि ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच घरात होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

माझा धाकटा भाऊ. कंपनीत पर्मनंट. खिशात कार्ड, दवाखाना हाकेच्या अंतरावर, औषध फुकट, बहीण नर्स. काय कमी होतं त्याला? दारूनं गेला. तुम्ही त्याला रागावलात, समजावलंत, एकदा तर कॉलर धरून दवाखान्यात आणलंत. तो हसायचा आणि म्हणायचा, "सोडतो डॉक्टर, उद्यापासून." तो गेला त्या दिवशी तुम्ही सकाळपासून आमच्या दारात बसून होता, चहाचा घोटही घेतला नाही. त्यानंतर आपण किती भांडलो! दवाखान्यात भांडलो, एसटी स्टँडवर भांडलो, तुमच्या मुलाच्या, संजूच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत भांडलो. प्रत्येक वेळी मी आतल्या आत वाट बघायचे, की आता तुम्ही त्याचं नाव घ्याल. आता म्हणाल, "मग तुमच्या भावाचं काय?" तुमच्या हातात हुकमाचं पान होतं, डॉक्टर. ते टाकलं असतंत तर मी तिथंच गारद झाले असते. तुम्ही ते कधीच टाकलं नाही. ह्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. आज मानते.

आणि आमच्या मायबद्दलही. विद्यापीठाच्या नावाचा लढा पेटला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीतला प्रत्येक जण मोर्चात. खेड्यांतून जळालेल्या घरांच्या बातम्या यायच्या आणि चुली पेटायच्या नाहीत. तुमच्या पिशोरच्या भाऊबंदांचं म्हणणं नेमकं उलट्या बाजूचं, हे मला माहीत होतं. तुम्ही स्वतः कुंपणावर. मला म्हणायचा, "नाव बदलून कुणाचा ताप उतरला का हो, सिस्टर?" मी म्हणायचे, "ताप नाही उतरत. पण ज्या घरावर आपल्या माणसाचं नाव आहे, तिथं पाय ठेवताना छाती धडधडत नाही. तुम्हाला नाही कळायचं, तुमची छाती कुठल्याच दारात धडधडली नाही." त्या दिवशी तुम्ही पुढचा पेशंट मागवला नाही.

मग तो बंदचा दिवस. क्रांती चौकात पोलीस, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि मायला सणकून ताप. मी कामावर आले नाही म्हणून तुम्ही कुणाकडून तरी चौकशी केलीत. दुपारी बघते तर तुम्ही बोळातून चालत येताय, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात बॅग. स्कूटर चौकाच्या अलीकडंच अडवली होती, तिथून पायी आलात. वस्तीतली पोरं तुमच्या वाटेत उभी राहिली. "कुणाकडं जायचंय?" तुम्ही म्हणालात, "सिस्टरच्या मायला ताप आहे." पोरं बाजूला झाली, आणि त्यातल्याच एकानं तुमची बॅग घेतली.

मायला तपासून, इंजेक्शन देऊन झालं. ती पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होती. मला कळत होतं तिला काय विचारायचंय. त्या दिवसांत, त्या घरातला माणूस, आपल्या घरचं पाणी पिईल का? विचारावं का नको? तुमच्या ते लक्षात आलं का नाही, मला आजवर माहीत नाही. तुम्ही पाय पसरून खाली बसलात आणि म्हणालात, "माय, चालून चालून जीव गेला. चहा टाकायला सांगा. आणि साखर सढळ हातानं, तुमची पोरगी दवाखान्यात कंजूषपणा करते." मायला तापातही हसू फुटलं. मी जो चहा केला तो गुळवणीच झाला होता. तुम्ही बशीत ओतून भुरके मारत प्यायलात. त्यानंतर माय असेपर्यंत महिन्याच्या वाण्याच्या सामानात म्हणायची, "साखर जास्तीची आण, डाक्टर यील."

निघताना मी तुम्हाला दारात गाठलं. म्हटलं, "ज्याचा आजार त्यानं यावं ना, डॉक्टर?"

"रस्ता बंद होता," तुम्ही म्हणालात. "ती कशी येणार?"

नामांतर झालं त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात पेढे घेऊन आलात आणि म्हणालात, "मला पटलंय असं समजू नका, मायसाठी आणलेत." मायपर्यंत पोचेस्तोवर निम्मे तुम्हीच खाल्ले होते.

ती साखरच बाधली तुम्हाला. दुसऱ्यांच्या ताटातलं मीठ मोजणारे तुम्ही, स्वतःची साखर कधी तपासली नाहीत. वहिनी होत्या तोवर त्या डब्याला कुलूप घालायच्या. त्या गेल्यावर कुलूपही गेलं. संजू पुण्याला. मी फोन करायचे, "तपासलं का?" तुम्ही म्हणायचा, "उद्या." माझ्या भावासारखंच, उद्या. कळलं तेव्हा मूत्रपिंडं कामातून गेली होती. मग डायलिसिसच्या वाऱ्या. आणि त्याही तुम्ही चुकवायला लागलात.

शेवटचं भेटले ती दुपार. तुम्ही खाटेवर, हाताला सुया. तो तरुण डॉक्टर आला, पोरसवदा, पण हुशार. तुम्हाला म्हणाला, "आजोबा, तुम्ही स्वतः डॉक्टर. दवाखाना घरापासून जवळ, गाडी आहे, पैशाची अडचण नाही. तरी टाळता. जबाबदारी तुमची आहे ना?" माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. मी उठणार, एवढ्यात तुम्ही सुई नसलेल्या हातानं माझा हात धरलात.

"त्याचं बरोबर आहे, सिस्टर," तुम्ही म्हणालात. "माझ्यापुढं दार उघडं होतं. ज्याच्यापुढं दार उघडं आहे, त्यालाच हा प्रश्न विचारायचा. भिवसनला नाही. एवढं तुमच्याकडून शिकलो." मग तेच मिस्कील हसलात. "पण म्हणून तुम्ही जिंकलात असं नाही. मी माझा मुद्दा फक्त माझ्यापुरता ठेवलाय."

मी तोंड उघडलं. आणि नेमकी भेटायची वेळ संपली म्हणून आम्हाला बाहेर काढलं. उद्या येऊन सांगते म्हटलं. त्या उद्याच्या आधीच तुम्ही गेलात.

ते उत्तर आज देते, ऐका. तुमच्यापुढं दार उघडं नव्हतं, डॉक्टर. असं दिसत होतं फक्त. वहिनी गेल्यावर त्या रिकाम्या घरात सकाळी उठून, शर्ट घालून, एकट्यानं जाऊन आपल्याच आजाराची तपासणी करून घ्यायची, कशासाठी आणि कुणासाठी, हे तुम्हाला सुचत नव्हतं. हे मला फोनवर तुमच्या आवाजातून कळायचं. सोजरला मेंढरं सोडवत नव्हती, तुम्हाला त्या घराची ओसरी सोडवत नव्हती. माझ्या भावाच्या पायात काय अडकलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून मी त्यालाही आता बेजबाबदार म्हणत नाही. तुमच्या दारात कुणीतरी स्कूटर आणून म्हणायला हवं होतं, "बसा." तुम्ही जगभर स्कूटर घेऊन फिरलात आणि तुमच्यासाठी कुणी आलं नाही. माझे गुडघे धड असते तर मी आले असते हो. उचलून नेलं असतं तुम्हाला.

तर हे माझं उत्तर. आता तुम्ही म्हणाल, "पुढचा पेशंट." म्हणा.

तेराव्याला पिशोरला गेले होते. मळ्यात मांडव, बुंदीचं जेवण. संजू स्वतः वाढत होता, डोळे सुजलेले. बायकांच्या पंगतीत माझ्या शेजारी येऊन कोण बसावं? सोजर! केस पांढरे झालेत, दात गेलेत, पण छाती ठणठणीत. मला ओळखून माझ्या गळ्यातच पडली. भिवसन कुठंय विचारलं तर म्हणाली, "घरी हायेत. आता थोडीच मेंढरं राह्यलीत, पर कुणीतरी लागतंच. दोघांपैकी येकानंच यायाचं. म्हणलं, ह्या टायमाला मी जाते, डाक्टरला म्याच तोंड दावते."

जेवता जेवता बघते, तर ती ताटातली बुंदी मधोमध निम्मी करत होती. अर्धी पोळी मोडून वर ठेवली, मूठभर भात ठेवला, आणि पदराचं टोक सोडून हळूच बांधायला लागली.

मी म्हटलं, "सोजर, हे कुणाला?"

"ह्यास्नी. आमचं अर्ध्यात भागतं बाई."

आणि मी पंगतीतच ओरडले. "अर्ध्यानं कुणाचंच भागत नाही, सोजर! तुझं तू अख्खं खा. संजू, इकडं ये, एक ताट वेगळं वाढ. भरून वाढ."

संजू दचकून बघायला लागला. "कुणासाठी, मावशी?"

"जो येऊ शकला नाही त्याच्यासाठी."

सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. सोजरनं पदर सोडला, डोळ्याला लावला आणि म्हणाली, "बाई, मला वाटलं डाक्टरच वराडले."

संजूनं ताट भरलं. वर दुसरं ताट पालथं घातलं आणि सोजरच्या हातात दिलं.